बाप जिवंत असताना काढलेली मिशी

सन १९९४. मी एक्केचाळीस वर्षांचा. रविवारची दुपार. अंबरनाथच्या एका हॉटेलात साहेबाने भरल्या टेबलासमोर माझी मिशी उपटली.

मिशी खोटी होती. डोक्यावरची सुपाएवढी टोपीही मालकाचीच. त्या आठवड्यात हॉटेलात मेक्सिकन जेवण ठेवलं होतं, आणि वाढणारा मेक्सिकन दिसायला हवा होता. माझ्या खऱ्या मिशीवर डिंक धरेना. मॅनेजर म्हणाला, "काढून टाक ना यार. महिन्याभरात येईल परत. मिशीच तर आहे."

माझी कंपनी बंद पडून दोन वर्षं झाली होती. वेटरचं काम मुश्किलीने मिळालेलं. हॉटेलच्या मोरीत मी माझ्याच हाताने वस्तरा फिरवला. आमच्यात मिशी उतरते ती बाप गेल्यावर. माझा बाप तेव्हा बदलापुरात, हेंद्रेपाड्याला, ओट्यावर तंबाखू मळत बसला होता.

आबांची मिशी मोठी. गावी पाटलासमोर मिशीचे आकडे खाली करून उभं राहायची रीत होती. आबांनी केले नाहीत. मार खाल्ला, गाव सोडलं, इकडे आले. त्या माणसाचा मी मुलगा.

तर ते साहेब. केमिकल कंपनीतले, बायकांना घेऊन आलेले. कडक पुरी दुमडून आत राजमा, वर चीज, त्याला टाको म्हणायचं. ग्लासाच्या काठाला मीठ लावलेली, लिंबू पिळलेली दारू. एक साहेब डोळे मिटून खात होता. "बॉम्बेत होतो तेव्हा दर शनिवारी हेच खायचो आम्ही." जेवण चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. वासाने माझ्याही तोंडाला पाणी सुटायचं. मी ग्लास ठेवायला वाकलो. त्याने हात घातला आणि ओढलं. कातडी सोलल्यासारखं झालं. मिशी त्याने बाटलीला चिकटवली.

"घ्या! याच्यापेक्षा ही बाटलीच बरी मेक्सिकन दिसते!"

सगळे हसले. बायकाही. मीही हसलो. कुणी सांगितलं नव्हतं, तरी हसलो. ते हसू अजून तोंडातून जात नाही.

चार वाजता सुटलो. स्टेशनबाहेर आमच्या शेजारचा गणपत भेटला. माझ्या उघड्या ओठाकडे बघून त्याचा चेहरा उतरला.

"अण्णा... आबा गेले?"

खरं सांगायला तोंड उघडलं. साहेबांच्या जेवणासाठी काढली, एवढे शब्द येईनात. लाज वाटली. मी मान हलवली. होय अशी.

एका मानेने बाप मारला.

घरी जायची छाती होईना. नदीकाठी बसून राहिलो. शेवटी गेलो, तर दारात चपलाच चपला. आत शेजारीपाजारी उभे. मधे आबा, जिवंत. गणपत खाली मान घालून कोपऱ्यात.

आबा लोकांना म्हणाले, "ह्यो बगा आला, माझ्या दिवसाला बसनारा. च्या टाका रं. मयताच्या घरचा प्या."

कुणी हसलं नाही. आबांनी मला जवळ बोलावलं. ओठावरून बोट फिरवलं.

"कुनासाठी काढलीस?"

सांगितलं. सगळ्यांसमोर. टोपी, डिंक, बाटली.

"मी पाटलाला दिली न्हाई," आबा म्हणाले. त्यानंतर माझ्याशी कामापुरतंच बोलले. पुढच्या वर्षी खरोखर गेले. न्हावी समोर बसला, मी मिशीला हात लावू दिला नाही. आबांच्या वाट्याची मिशी मी आधीच उधळून बसलो होतो. भावकीने तोंडं वाकडी केली. आज माझी मिशी पांढरी झाली, तरी आरशात मला वरचा ओठ उघडाच दिसतो. आणि दारात चपला.

पण त्या दिवसानंतरची सकाळ सांगतो. सोमवारी हॉटेलात गेलो. मॅनेजर दुसरी मिशी घेऊन तयार होता. म्हटलं, "याच तोंडाने वाढीन. जमत असेल तर सांगा." म्हणाला, "नाही जमत." मी निघालो. मजुरांच्या नाक्यावर जाऊन उभा राहिलो. चिखलोलीच्या बांधकामावर माणसं लागत होती. नाक्यावर बरेच ओळखीचे. ज्याने त्याने ओठाकडे बघून हळू आवाजात विचारलं. मी मोठ्याने सांगितलं, "बाप जिवंत आहे. साहेबांच्या करमणुकीसाठी मी मिशी काढली. आता कुणासाठी काढणार नाही."

अकरा जणांना सांगितलं. बाराव्याला त्याने विचारायच्या आधीच सांगितलं.