जमिनीचा रोजा

हलीमा खाला भर उन्हाळ्यात मोकळ्या रानात शिरताना चपला काढून हातात घ्यायची. लग्न होऊन धावड्याला आले त्या पहिल्याच उन्हाळ्यात मी तिला तसं चालताना पाहिलं आणि वाटलं, बाईला ऊन लागलं.

"खाला, पाय भाजत न्हाईत का?"

"भाजतेत की! पर चपलेला दिसत न्हाई गे मंदे. पायाला दिसतं."

काय दिसतं, ते तिने मला हाताला धरून दाखवलं. कापसाची पऱ्हाटी उपटलेल्या रानात, ढेकळांच्या मधोमध टिटवीची चार अंडी. मातीच्या रंगाची, काळ्या ठिपक्यांची, निमुळती टोकं आत करून ठेवलेली. ना घरटं, ना काडी. मी अजून एक पाऊल टाकलं असतं तर संपलंच होतं. एवढ्या उन्हात माझ्या अंगावर काटा आला.

खाला आमच्या शेजारची. नवरा वारलेला, एकटीच राहायची, आमच्याच रानात कापूस वेचायला यायची. नांगरटीच्या आधी सगळं रान ती असं पायांनी शोधायची आणि अंडी सापडली की भोवती चार पऱ्हाट्या खोचायची. खोचलेल्या पऱ्हाट्या दिसल्या की माझे थोरले दीर चादरीएवढी जागा नांगरायची सोडायचे. कुरकुरायचे, पण सोडायचे.

उन्हाळ्याला कोणी शिवी दिली की खाला चिडायची. "आधी तोंड धुऊन ये! जमीन रोजा धरून ऱ्हायली अन् तू तिच्यासमोर बडबड करती?"

एकदा दुपारी टिटवी गुरांच्या हौदापाशी सांडलेल्या पाण्यात आली. पोट बुडवून भिजवलं आणि तशीच ओली जाऊन अंड्यांवर बसली. अंडी थंड करायला! खालाने माझा दंड गच्च धरला. "बघ, बघ! वजू करून आली. आता बसली नमाजाला." देवापुढे मी रोज हात जोडते, पण देव इतका जवळ, असा ओल्या पोटाचा, त्या दुपारी पहिल्यांदा पाहिला.

गेल्या उन्हाळ्यात खाला तापाने पडली. सकाळी मी तिला खिचडी घेऊन गेले, तेवढ्यात रानातून ट्रॅक्टरचा आवाज आला. ती बाजेवर उठूनच बसली.

"मंदे, लिंबाच्या पल्याड चार हायती! पऱ्हाट्या न्हाई खोचल्या मी. पळ, जल्दी पळ!"

मी पळाले. चपला तिच्या दारातच राहिल्या. पाय भाजत होते की नव्हते, आठवत नाही. दीर ट्रॅक्टर घेऊन कडुलिंबापर्यंत पोचले होते. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण मी त्यांच्यासमोर कधी मोठ्याने बोलले नव्हते. जेवायला वाढू का, हेसुद्धा मुलीकडून विचारायची. टिटवी ट्रॅक्टरच्या तोंडावर झेपा घेत ओरडत होती. मूठभर जीव तो! मग तिच्याबरोबर मीही ओरडायला लागले.

"थांबवा! दादा, थांबवा! अंडी हायती!"

मी हात पसरून ट्रॅक्टरसमोर उभी होते. पदर कुठे गेला होता कोण जाणे.

ट्रॅक्टर थांबला. अंडी माझ्या मागे दोन पावलांवर होती. पण दीर अंड्यांकडे बघेचनात, माझ्याकडेच बघत राहिले. "आं? हिला आवाज हाय?" एवढंच म्हणाले आणि ट्रॅक्टर वळवला.

मी धापा टाकत खालाकडे आले. "वाचली, खाला! चारही वाचली!"

"तू वरडली?"

"हो."

"दिरासमोर?"

"हो ना!"

ती हसली, खोकला येईपर्यंत हसली. "मंग तुझा बी रोजा सुटला म्हण की!"

पुढे पिल्लं निघाली. अंड्यातून बाहेर येऊन लगेच तुरुतुरु धावणारी ती पिल्लं खालाने पाहिली नाहीत. मी रोज बाजेपाशी बसून सांगायची, ती डोळे मिटून ऐकायची. पावसाच्या आधीच ती गेली.

यंदा नांगरटीच्या दिवशी मी भाकरी घेऊन रानात गेले, तर ट्रॅक्टर बांधावरच उभा. दीर लिंबाखाली बसले होते. माझ्याकडे न बघता, लिंबालाच सांगितल्यासारखे म्हणाले, "आधी रान बघून घ्या म्हणावं."

मी चपला काढून हातात घेतल्या.