संडासाचा डाग आणि मुलीकडचे पाहुणे

संडासातून पिवळट धूर निघत होता आणि मुलीकडचे पाहुणे अंगणात जीपमधून उतरत होते.

त्या धुरातून मी बाहेर पडले. पदर नाकाला, डोळ्यांना धारा, हातात खराटा. नातवाच्या होणाऱ्या सासूला मी पहिल्यांदा दिसले ती अशी. मला तर कुणीच दिसत नव्हतं!

"आजे, काय केलंस गं?" माझा नातू योगेश खोकत ओरडला.

काय केलं ते सांगते. आमच्या पाथर्डीकडे बोअरचं पाणी इतकं क्षाराचं की वीस वर्षांत संडासाच्या भांड्यावर पिवळा थर चढला होता. आधीचं एक स्थळ घर बघायला आलं होतं. त्यातली बाई संडासात जाऊन आली आणि चहा न घेताच जीपमध्ये बसली. योगेश एकोणतीसचा झालेला, आणि ही मुलगी त्याला मनापासून आवडलेली. मी ठरवलं, लग्न मोडायचंच तर पत्रिकेवरून मोडो, भांड्यावरून नको.

सकाळी ॲसिड ओतलं. डाग हलला नाही. खुरप्याने खरवडलं. खुरप्याची धार गेली. मग विहिरीत टाकायची टीसीएल पावडर आठवली. तिने अख्खी विहीर साफ होते, तर भांडं काय चीज!

"आत्याबाई, दोन्ही एकत्र टाकू नका! पिशवीवर लिव्हलंय," सून मंदा चुलीपासून ओरडली.

"मला वाचता येतं. चौथी पास हाय मी!" (येतं. वाचलं नव्हतं एवढंच.) "आमटीत चिंच-गूळ एकत्र टाकतीस का न्हाई?"

डबाभर पावडर ॲसिडवर उपडी केली आणि लोणच्यासारखं मुरावं म्हणून दार घट्ट लावून घेतलं.

आतून.

कडी कशी काढली ते मला आठवत नाही. अंगणातली आमची शेळी दावं तोडून शेजाऱ्याच्या कपाशीत गेली, ते मात्र आठवतं.

"धूर कसला ओ?" मुलीच्या वडिलांनी नाकाला रुमाल लावला.

"डासांची फवारणी," मी ठोकून दिलं.

"भर दुपारी?"

"आमच्याकडचं डास दुपारीच निघत्यात."

मंदाने कपाळाला हात लावला. सगळे लिंबाखाली, घरापासून जेवढं लांब बसता येईल तेवढं लांब बसलो. पोहे आतच गार झाले. तासाभराने वाऱ्याने धूर गेला, आणि मुलीची आई हळूच म्हणाली, "जरा जाऊन येऊ का?"

योगेशने माझ्याकडे पाहिलं. तसं बघणं पुन्हा कुणाचं माझ्या नशिबी येऊ नये.

बाई आत गेली. बाहेर आली. तोंड गंभीर.

"मावशी, फवारणी न्हवती ती. ॲसिड आन् टीसीएल. व्हय ना?"

मी मान हलवली.

"माझ्या सासूनं बी हेच केल्तं. आमची म्हैस दोन दिवस घरी आली न्हाई!" असं म्हणून ती लिंबाखाली मांडी घालून बसली. "चहा टाका आता. लई खोकला झाला."

योगेश स्वतः चहा टाकायला पळाला.

त्या दिवशी तिथे होतो ते सगळे वाचलो: मी, मंदा, योगेश, आमचे आताचे व्याही-विहीण, जीपवाला आणि शेळी.

डागही वाचला.