कंट्रोलकाकांचं ‘किरकोळ’

कंट्रोलकाका बायकोशीसुद्धा पोलिसी भाषेत बोलायचे. परळच्या आमच्या पोलीस लाइनीत भिंती पातळ, त्यामुळे शेजारच्या काकींचं कालवण कसं झालंय ते आम्हाला बसल्या जागी कळायचं. “सदर कालवणात मीठ मिळून आलेलं नाही!” काकींचा चष्मा हरवला की ‘मिसिंग’, आणि तो लपवणारा नातू ‘पाहिजे आरोपी’. काकी करवादायच्या, “अहो, घरात तरी माणसासारखं बोला!” की काका शांतपणे म्हणणार, “तक्रार नोंद केली.”

नोकरी कंट्रोल रूमला, वायरलेसवर. शहरात कुठं काय बिघडलं ते आधी त्यांच्या कानावर यायचं. म्हणून बंदोबस्ताच्या दिवशी आम्ही साऱ्या बायका त्यांच्या वाटेकडे डोळे लावून बसायचो. नवऱ्याचा फोन लागत नाही आणि मोबाइलवर दगडफेकीचे व्हिडिओ मात्र धडाधड येतात. कुठले, कधीचे, देव जाणे! जीव नुसता टांगणीला. काका ड्युटी संपवून आले की जिन्याखालूनच आरोळी ठोकायचे, “निल!” निल म्हणजे कळवण्यासारखं काही नाही, आपली माणसं ठीक आहेत. ते ऐकलं की घराघरांत गॅस पेटायचे.

जखमांच्या पायऱ्यासुद्धा त्यांनीच आम्हाला शिकवल्या होत्या. “किरकोळ म्हणजे टाके घालून घरी. जखमी म्हणजे अ‍ॅडमिट. आणि गंभीर म्हटलं की चप्पल शोधत बसायचं नाही गो, निघायचं.” मेसेजमधला एक शब्द इकडचा तिकडे करत नसत. वरच्या मजल्यावरच्या शेवंताच्या नवऱ्याला लागलं तेव्हा दारात उभं राहून घडाघडा सांगून टाकलं, “उजवा पाय, फ्रॅक्चर, शुद्धीवर आहे, चहा मागितला.” शेवंता मटकन खाली बसली. मी चिडले. “काका, जरा हळू सांगायचं की!” तर म्हणतात, “हळू सांगितलं म्हणून हाड जुळतं काय? एकदा खोटा मेसेज गेला की पुढचा खरा कोण ऐकणार?”

मग तो मोर्चाचा दिवस उजाडला. आमचे हे सकाळीच बंदोबस्ताच्या पॉइंटला गेलेले. दुपारी टीव्हीवर पळापळ दिसायला लागली. ह्यांचा फोन नुसता वाजत होता, उचलत कोणी नव्हतं. घासलेली भांडी मी पुन्हा घासली. देवापुढे बसले, तिथंही मन लागेना. संध्याकाळी जिन्यात काकांची पावलं ओळखली आणि कान टवकारले. आरोळी आली नाही. पावलं थेट माझ्या दाराशी थांबली.

“मेसेजमध्ये तुझ्या नवऱ्याचा बक्कल नंबर आलाय,” काका म्हणाले. “किरकोळ जखमी. चल, मी येतो.”

देवाशपथ सांगते, मला हसू फुटलं. किरकोळ! म्हणजे सुटले! मी साडी बदलली, डाळभाताचा डबा भरायला घेतला. काका चौकट धरून उभे. “डबा राहू दे गो.” मी म्हटलं, “वा, सकाळपासून उपाशी असतील!” टॅक्सीत काका गावच्या फणसांवर बोलत राहिले, अखंड. एकदाही ‘सदर’ नाही, ‘नमूद’ नाही. तेव्हा कुठं मी ड्रायव्हरला म्हटलं, जरा लवकर घ्या.

हॉस्पिटलात ह्यांच्या डोक्याला एवढं मोठं बँडेज, तोंडात नळी. डॉक्टर सही मागत होते आणि माझ्या हातात डबा. मी काकांकडे वळले. “किरकोळ म्हणालात ना?”

“मेसेज गंभीरचा होता,” ते भिंतीकडे बघत म्हणाले. “मी बदलला. दारात तू ‘निल’ ऐकायला उभी होतीस पोरी. दुसरा शब्द तोंडातून फुटेना.”

हे वाचले. मी किती नवस बोलले त्याची गणतीच नाही, पण वाचले, आणि पुन्हा ड्युटीवरही गेले. लाइनीत सगळ्यांनी काकांचं कौतुक केलं, बाईला सांभाळून नेलं म्हणून. मीही त्यांच्या पाया पडले.

पण पुढच्या बंदोबस्ताला जिन्याखालून “निल!” आलं आणि एकही गॅस पेटला नाही. बायका गॅलरीत जमल्या. “नक्की ना काका? खरंच निल?” त्यांतली पहिली विचारणारी मी! काकांनी गळ्याची शपथ घेतली, मी तरी रात्री ह्यांचा चेहरा दिसेपर्यंत घास गिळला नाही. असं दोनतीनदा झालं. मग काका आरोळी न देताच वर यायला लागले, आणि आम्ही त्यांच्या दाराशी जाऊन त्यांचा चेहरा न्याहाळायला लागलो. बिचारे ओशाळे व्हायचे. माझ्यासाठी त्यांनी एकच शब्द फिरवला, आणि सगळ्या लाइनीत त्यांच्या शब्दाची किंमत गेली. ह्याचं मला फार वाईट वाटतं.

काका रिटायर झाल्यावर त्यांना खोली सोडावी लागली. दोघं कुडाळला गावी निघाली. टेम्पोत सामान चढत होतं आणि काका दर दोन पावलांवर थांबून दम घेत होते. छातीचं दुखणं अलीकडचंच. मी विचारलं, “काका, डॉक्टर काय म्हणाले?”

“ठणठणीत आहे,” काका म्हणाले.

“खरं ना?” माझ्या तोंडून निघून गेलं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं, डोक्यावर हात ठेवला आणि टेम्पोत चढून बसले.