जावेनं आधीच सांगून ठेवलेलं पाणी

देव माणसामाणसांत डावं-उजवं करतो का, हा प्रश्न मला वर्षभर छळत होता. कुणाला विचारायचीही सोय नव्हती, कारण त्यामागे माझी धाकटी जाऊ रोहिणी होती.

पिंपळवंडीत आम्हा दोघींची घरं एका अंगणात. गुडघ्यासाठी डॉक्टरांनी सायकल सांगितली ती मला. मग रोहिणीलाही मीच शिकवली. कोकणच्या किनाऱ्यानं तंबू घेऊन सायकलवर जायचं, हे स्वप्नही माझंच. ठरल्या दिवसांत नेमकी लेक बाळंतपणाला आली आणि रोहिणी एकटी गेली. परतली ती काळवंडून, पण चेहऱ्यावर असा उजेड घेऊन की बघवेना. देवळात तिचा सत्कार झाला. "समुद्रावर देवानंच सांभाळलं," असं ती म्हणाली, तेव्हा सासूबाई माझ्याच शेजारी बसून म्हणाल्या, "रोहिणीवर देवाची लई माया हाय." मी टाळ्या वाजवल्या. आत मात्र निखारा पडला. वाट माझी, उपासतापास माझे, आणि देव भेटला हिला?

पुढच्या हिवाळ्यात मीही निघाले. रोहिणी म्हणाली, "ताई, कुठं राहायचं ते सांगू का? लई चांगली माणसं हायती तिकडं." मी म्हटलं, "नको. माझं मी बघीन." तिचा तंबूसुद्धा घेतला नाही, माझा वेगळा आणला.

अलिबागपर्यंत सायकल टेम्पोत टाकून नेली आणि तिथून दक्षिणेला लागले. समुद्र दिसे, लगेच डोंगर आडवा येई. चढ संपला की पुन्हा खाडी. सुरूच्या बनात तंबू लावून पडले की लाटांचा आवाज येई. पण खरं सांगते, मन कुठंच लागेना. सुंदर काही दिसलं की पहिला विचार यायचा, हेही तिनं आधी पाहिलंय. देवळात हात जोडले की मी मागायचे ते एकच : मलाही काहीतरी दाखव, तिच्यापेक्षा मोठं.

दाभोळची खाडी फेरीबोटीनं ओलांडली, गुहागर मागं टाकलं आणि हेदवीकडे निघाले. भर दुपारी सड्यावर चढले. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचा उघडा कातळ. झाड नाही, सावली नाही. वाटेत एका घराशी बायका बसल्या होत्या. बाटली रिकामी होत आली होती, तरी पाणी मागायची लाज वाटली. पुढं डोळ्यांपुढं अंधारी आली, उलटी झाली. सायकल आडवी टाकून रस्त्याच्या कडेला बसले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. "मी तुझी कुणीच नाही का रे?" एवढंच तोंडातून आलं.

किती वेळ गेला कळलं नाही. कुणीतरी माझ्या डोक्यावर ओला पंचा ठेवला. माझ्याच वयाची एक बाई हातात तांब्या घेऊन वाकली होती. "आधी ह्ये पी गो बाय. बोलू नको." मीठ घातलेलं कोकमाचं पाणी होतं ते. घोटाघोटानं जीव परत आला. मघाच्या घरातलीच ती. मी पुढं गेल्यावर मागोमाग चालत आली होती.

"तू पिंपळवंडीची ना?" तिनं विचारलं. मी मान डोलावली. ती हसली. "गेल्या साली तुझी जाव आमच्या पडवीत राहिली. जाताना बोलली, माझी मोठी जाव येईल. ती जीव गेला तरी पाणी मागायची न्हाई. तिला विचारत बसू नका, देऊन टाका. तेव्हापासून सायकलवरली बाई दिसली की आम्ही बघतोच."

काय वाटलं सांगू? पहिल्यांदा जळलेच मी. मरता मरता वाचले, तेही हिच्याच नावानं! मग हळूहळू उमगलं. जिचं तोंड बघवत नव्हतं, ती इतक्या लांब, अनोळखी माणसांत माझ्यासाठी पाणी सांगून गेली होती. देव भेटल्याच्या आनंदातही तिला माझी आठवण झाली होती. त्या बाईच्या खांद्यावर डोकं ठेवून मी पोटभर रडले.

ती संध्याकाळ आणि रात्र तिच्या पडवीत निजून काढली. सकाळी हेदवीच्या गणपतीपुढं उभी राहिले. आम्ही लेण्याद्री-ओझरकडची माणसं, गणपती आम्हाला परका नाही. तरी त्या दिवशी मागायला शब्द सापडेनात. नुसती उभी राहिले, तर तोंडून रोहिणीचंच नाव आलं.

मत्सर गेला असं म्हणणार नाही. परवा अवसरीच्या कॉलेजातल्या मुलींपुढं बोलायला तिला बोलावलं, मला नाही, तेव्हा पोटात दुखलंच. पण आता मी देवाशी भांडत नाही. त्याला ज्या हातानं द्यायचं त्या हातानं तो देईल. तो हात कुणाचा, हे ठरवणारी मी कोण? माझी ओंजळ तेवढी उघडी राहू दे, एवढंच मागते. आणि रोहिणी बोलायला निघाली, तेव्हा तिच्या निऱ्या मीच नीट करून दिल्या.