एस्बेनचा होकार

एस्बेनच्या आणि माझ्या परसात मधे एकच कुंपण. त्यामुळे त्याच्याकडे कुठला आठवडा चालू आहे हे मला न विचारताच कळतं. पोरीचा आठवडा असला की स्वयंपाकघरात दिवा लागतो, रेडिओ लागतो, भांडी वाजतात. पोर आईकडे गेली की हा बाबा दिवसभर फेरीबोटीवर गाड्या लावून घरी येतो आणि ओट्याशी उभ्याउभ्याच पाव खातो. घटस्फोटाला तीन वर्षं झाली. आमच्या बेटावर घटस्फोटाचं कुणाला नवल नाही, पण एवढं जिवाला लावून घेतलेला हाच एक.

सिल्ले नऊ वर्षांची. तिच्या खालच्या दोन दाढा उगवल्या त्याच खडूसारख्या ठिसूळ. शाळेतल्या मुलांचे दात बघणारी डॉक्टर विबेके वसंतात म्हणाली, दोन्ही काढूया. आत्ता काढल्या तर मागच्या दाढा सरकून जागा भरतील, उशीर झाला तर फट राहील. पोरीच्या आईनं, रिक्केनं, तिथल्या तिथे हो म्हटलं. पण ताबा दोघांचा, म्हणून होकारही दोघांचा लागतो. एस्बेन म्हणाला, मला विचार करायला वेळ हवा, दुसऱ्या डॉक्टरला दाखवतो. विबेकेला त्याचं काही वाटलं नाही. जरूर दाखव, म्हणाली, फक्त लांबवू नकोस.

आणि ह्यानं नेमकं लांबवलं. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली तरी ना दुसऱ्या डॉक्टरची वेळ घेतली, ना होकार दिला. रिक्के मला दुकानात भेटली तेव्हा नुसती धुमसत होती. मला खिजवायला करतोय, म्हणाली. मलाही तसंच वाटलं होतं, खोटं कशाला सांगू.

मग एका दुपारी तो माझी गळकी पन्हळ दुरुस्त करून कॉफीला बसला तेव्हा मी सरळ विचारलं, "तुला दाढांची काळजी आहे, की रिक्केची जिरवायचीय?"

त्यानं कप नुसताच फिरवला. "तिची कशाला जिरवू," तो म्हणाला. "तीन वर्षांत माझ्या हो-नाहीवाचून त्या दोघींचं काही अडलं नाही. केस किती कापायचे, सुट्टीत कुठे जायचं, सगळं ठरलं की मग मला कळतं. ह्या एका गोष्टीसाठी त्या माझी वाट बघतायत. एकदा हो म्हटलं की संपलं."

मला गलबलून आलं. नवरा गेल्यापासून मलाही कुणी विचारत नाही, रात्री जेवायला काय करू म्हणून. पण माझं तोंड मेलं गप्प बसत नाही.

"काल तुझी लेक माझ्याकडे फ्रीजमधलं दूध प्यायली," मी म्हटलं. "आधी त्यात किटलीतलं गरम पाणी ओतलंन. का गं, विचारलं, तर म्हणे मला असंच आवडतं. असलं पांचट दूध कुणाला आवडतं, एस्बेन?"

तो उठला, घोटभर कॉफी तशीच ठेवून गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं पाण्यापलीकडच्या गावातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरची वेळ घेतली.

तिथे काय झालं ते त्यानंच मला परत आल्यावर दारात उभं राहून सांगितलं. डॉक्टरनं सिल्लेला विचारलं, गार लागलं की झोंबतं का? तिनं आधी बापाकडे बघितलं आणि मग म्हणाली, नाही. डॉक्टरनं दाढेवर हवेची बारीकशी फुंकर सोडली, तर पोरीच्या डोळ्यांतून टपाटपा पाणी. मग फोटो काढले, दाढा तपासल्या. मत विबेकेचं होतं तेच. काढा, आणि आता थांबू नका.

"येताना बोटीवर विचारलं, खोटं का बोललीस," एस्बेन म्हणाला. "म्हणाली, बाबा, तुला विचार करायला वेळ हवा होता ना."

बोट धक्क्याला लागायच्या आत त्यानं रिक्केला फोन करून होकार दिला होता. बरं केलंस, एवढंच ती म्हणाली.

दाढा काढायची तारीख नेमकी रिक्केच्या आठवड्यात आली. मीही येऊ का, त्यानं विचारलं. दोघं असलो की पोर दोघांची तोंडं बघत बसते, मी एकटीच नेते, असं तिनं सांगितलं. ते त्याला पटलं, आणि तेच त्याला लागलं. त्या दिवशी त्यानं रजा काढली आणि काही काम नसताना माझ्याकडे येऊन बसला, फोन टेबलावर ठेवून. मी मटारचं सूप वाढलं. त्यानं चमचा धरला नाही.

दुपारी फोन वाजला. सिल्लेनं स्वतःच केला होता. तोंड बधिर, त्यात कापसाचे बोळे. मला इथपर्यंत नुसतं ऊं ऊं, आं आं ऐकू येत होतं. हा आपला हो, हो गं, हो का, असं म्हणत खिडकीपाशी उभा. माझं सूप संपलं, भांडी घासून झाली, तरी ह्याचं हो चालूच.

शेवटी फोन ठेवून तो खुर्चीत बसला आणि गार झालेलं सूप पुढे ओढलंन. मी विचारलं, काय म्हणाली?

"काय माहीत," एस्बेन म्हणाला. "पण बराच वेळ म्हणत होती."