केबल तोडायचं बटण

उमरग्याचं स्थळ सांगून आलं तेव्हा अण्णा, म्हणजे माझे वडील, नुसते हवेत होते. पोरगा डॉक्टर, हमरस्त्यावर स्वतःचा दवाखाना. "आता नाक मुरडू नगं," त्यांनी फोनवरच दम दिला. भावकीनं त्यांचं डोकं खाल्लं होतं. पोरगी तिशीला आली, नौदलात हेलिकॉप्टरनं फिरती, हिला कोण करून घेणार? म्हणून मी रजा टाकून मुरुमला आले, साडी नेसले, पोहे पुढं ठेवले.

मुलाच्या वडिलांनी विचारलं, "तुम्ही हेलिकॉप्टर चालवता?"

"चालवणारे पुढं बसतात, काका. मी मागं. पाणबुडी शोधणं माझं काम."

"वरनं दिसती व्हय ती?"

"दिसत नाही, म्हणून तर ऐकायची."

कामाचा विषय निघाला की मला आवरत नाही. सांगत सुटले. समुद्रावर हेलिकॉप्टर एका जागी तरंगत ठेवायचं आणि पोटातनं केबल खाली सोडायची. केबलच्या टोकाला सोनार नावाचं यंत्र. ते पाण्यात बुडून आवाज सोडतं. तो पाणबुडीवर आपटून परत आला की ती कुठं आहे ते मला कळतं. पाणबुडी फोडायला टॉर्पेडो बाजूला टांगलेलाच असतो. आत यंत्रांची एवढी दाटी की पाय पसरायची सोय नाही, पण त्या खुर्चीत मी राणी असते!

"मग आमच्या रानात बोअरचा पॉइंट बी दाखवा की!"

"जमिनीत ते ठार बहिरं हो. त्याला पाणीच लागतं."

सगळे खळखळून हसले. घोडं गंगेत न्हालं, असं अण्णांना वाटलं असणार. तेवढ्यात काका म्हणाले, "फकस्त लग्नानंतर हे उडणं बंद. ऑफिसातलं काम मागून घ्या. डॉक्टरच्या बायकोनं समुद्रावर लोंबकळणं बरं दिसतंय का?"

डॉक्टर पोह्यातले शेंगदाणे वेचत राहिला. माझं डोकं सणकलं. पण अण्णांकडं बघून जीभ आवरली. मी नाही म्हटलं असतं तर भावकीत त्यांची मान खाली गेली असती.

अण्णांनी चष्मा काढून धोतरानं पुसला. "बाई, ते केबलचं बटण सांग की ह्यास्नी."

मी चाटच पडले. कधीतरी फोनवर बोललेलं त्यांनी ध्यानात ठेवलं होतं.

"केबल अडकली, नाहीतर इंजिनानं दगा दिला, तर ती तोडायचं बटण असतं. सोनार समुद्रात जातं, हेलिकॉप्टर वाचतं."

"लई महागाचं असंल ते सोनार?" अण्णांनीच पुढं विचारलं.

"लई."

"तरी बी तोडायचं?"

"तोडायचंच. विचार करत बसलं की सगळेच बुडाले."

अण्णा उठले, पाहुण्यांपुढं हात जोडले. आवाज खणखणीत.

"पाव्हणं, च्या घिऊन जावा. म्या बटण दाबलं."