कमळाक्काची पोच

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. अप्पांना नाही, आमच्या गटातल्या कुणाला नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या कमळाक्काला तर नाहीच. सभांमधून मी पुष्कळ बोलले आहे — मताबद्दल, हक्काबद्दल, यादीतून नावं गाळणाऱ्यांबद्दल. एवढ्या बोलण्यात ही गोष्ट सांगायला कधीच जागा मिळाली नसेल? की मी ती शोधलीच नाही?

मी कमरीपेठेत वाढले. अप्पा छापखान्यात कामाला होते. आमच्या घरात खेळण्यांपेक्षा पत्रकं जास्त — संपाची, जयंतीची, नळाला पाणी नाही म्हणून काढलेल्या मोर्चाची. एका बाजूला कन्नड, दुसऱ्या बाजूला मराठी. मला अक्षरं पाटीवर नाही, पत्रकांवर कळली, दोन्ही लिप्यांतली एकदमच. अप्पांचा नियम एकच होता. पुरावा हातात आल्याशिवाय एक ओळसुद्धा छापायची नाही. मालकाविरुद्धचं पत्रक असलं तरी नाही. लोक चिडायचे, पण अप्पांचं पत्रक खोटं निघालं असं कुणी कधी म्हणालं नाही.

हे लक्षात ठेवा. पुढं लागेल.

विधानसभेच्या आधी आम्ही सहा-सात जणांनी मतदार नोंदणीचं काम हाती घेतलं. आमच्या गल्ल्यांत भाड्यानं राहणारी, तारिहाळच्या कारखान्यांत जाणारी कितीतरी माणसं होती, ज्यांचं नाव एक तर मागं सुटलेल्या गावाच्या यादीत होतं, नाही तर कुठंच नव्हतं. मी पत्रक लिहिलं. नवीन नावासाठी फॉर्म नंबर सहा. एक फोटो, वयाचा पुरावा, राहत्या जागेचा पुरावा. मग बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारा सरकारी माणूस, घरी येऊन बघून जाणार, मग यादीत नाव. नुसतं कार्ड असून भागत नाही, यादीत नाव आहे का ते बघून घ्या. आणि सगळ्यात खाली, ठळक अक्षरांत — मत कुणाला देणार ते कुणालाही सांगू नका, आम्हालासुद्धा.

ही शेवटची ओळ माझी होती. तिचा मला फार अभिमान होता.

विहारात संध्याकाळी बसून आम्ही फॉर्म भरायचो. आमच्या भागाच्या बीएलओ म्हणजे कन्नड शाळेतल्या एक टीचर. त्या रविवारी येऊन गठ्ठा घेऊन जायच्या. फॉर्मच्या तळाला पोच असते. नियम असा, की फॉर्म घेणाऱ्या अधिकाऱ्यानं त्या पोचेवर सही करून ती फाडून द्यायची. पण आमच्या माणसांनी आयुष्यभर कागद दिले आणि रिकाम्या हातानं परत आले. हातात काहीतरी मिळाल्याशिवाय ती उठायलाच तयार नसायची. म्हणून आम्हीच पोचेवर सही मारून द्यायला लागलो. टीचर कुरकुरल्या, पण एवढ्या पोचा फाडत बसण्यापेक्षा बरं म्हणून त्यांनीही चालवून घेतलं. कुणाचं काय बिघडत होतं त्यात?

कमळाक्का आमच्या मागच्या गल्लीत राहते. तेव्हा तिचं वय पंचावन्नच्या आसपास. अर्धं आयुष्य वीटभट्ट्यांवर, आज या गावात, उद्या त्या. आता तारिहाळला एका कारखान्यात झाडलोट करते. तिनं एकदाही मत दिलेलं नव्हतं. "मतदानाच्या दिवशी आमचा मुक्काम जिथं, तिथं आमचं नाव नसायचं," ती हसत सांगायची.

फॉर्मवर ती अंगठा द्यायला तयार नव्हती. "एवढं पहिल्यांदा करायचं, तर सही करूनच करीन की." मग मी तिला सही शिकवली. तीन संध्याकाळी, जुन्या पत्रकांच्या कोऱ्या जागांवर. कमळाचा ळ तिला जमेना. ती म्हणायची, "पोरी, हे अक्षर दोरी पिळल्यासारखं कशाला केलंय?" आम्ही दोघी पोट धरून हसायचो.

चौथ्या संध्याकाळी तिनं फॉर्मवर सही केली. मी पोचेवर सही करून तिच्या हातात दिली. ती पोचेकडं बघत राहिली आणि मग सहज, आनंदात, मी न विचारता म्हणाली — आपण कुणाला मत देणार ते.

तो माणूस म्हणजे ज्याच्याविरुद्ध मी लिहीत होते. चार वर्षं. त्याच्या एकेका आश्वासनाची चिरफाड करणारी पत्रकं माझ्या हातची होती. नाव लिहीत नाही, नावाची इथं गरजही नाही.

मी म्हणाले, "अक्का, कशासाठी?"

"माझा नवरा गेला तेव्हा तो आला होता. चटईवर बसला. माझ्या तांब्यातलं पाणी प्याला."

"मतासाठी येतात ते. पाणी पितात, फोटो काढतात."

ती माझ्याकडं जरा नवलानं बघत होती. "पण माझ्याकडं मत कुठं होतं, पोरी? भट्टीवरनं नुकतेच आलेलो आम्ही. त्यालाही ते ठाऊक होतं. मग कशाला आला असंल?"

एवढी वाचलेली, एवढी लिहिलेली मी, आणि परवा सही शिकलेल्या बाईनं मला गप्प केलं. ते मला टोचलं. मी तत्त्वाच्या नावानं पुढं जे केलं, त्याचं मूळ हे टोचणं होतं, तत्त्व नव्हे. हे ओळखायला मला फार वेळ लागला, किंवा ओळखलं होतं आणि मान्य करायला वेळ लागला.

रविवारी टीचर आल्या. गठ्ठा मी बांधला. त्यातून एक फॉर्म मी काढून माझ्या फाइलमध्ये ठेवला.

विसरले नाही. हरवला नाही. काढून ठेवला.

पहिल्या आठवड्यात मी स्वतःला सांगत होते, पुढच्या रविवारी देऊ. तेव्हा अजून मुदत होती. कमळाक्का पाण्याच्या टाकीपाशी भेटली की विचारायची, "नाव आलं का गं?" आणि मी म्हणायचे, येतंय अक्का. किती वेळा म्हणाले? मोजलं नाही. दुसरा रविवार गेला, तिसरा गेला. मग मुदत संपली आणि मला हायसं वाटलं.

मतदानाच्या दिवशी ती सकाळी सातलाच शाळेत जाऊन उभी राहिली. ठेवणीतली निळी साडी, केसांत अबोली. प्लॅस्टिकच्या पिशवीत आधार कार्ड आणि ती पोच. मी तिथंच होते, लोकांना खोल्या दाखवत. तिला आतून परत पाठवलं. बाहेर मदतीच्या टेबलापाशी टीचर यादी घेऊन बसल्या होत्या. त्यांनी पान न् पान उलटून पाहिलं. कमळाक्कानं पिशवीतून पोच काढून त्यांच्यापुढं ठेवली, एखादी खूण पटवावी तशी.

टीचर म्हणाल्या, "इदु नन्न सही अल्ला." ही माझी सही नव्हे.

"मग कुणाची?" कमळाक्कानं विचारलं.

टीचरनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. त्यांना कळलं होतं. त्या बोलतील म्हणून मी वाट बघत होते, आणि मी बोलेन म्हणून बहुधा त्या. रांगेतले लोक बघत होते. मी पुढं झाले, कमळाक्काच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हणाले, "गरिबांचीच नावं कशी गळतात?"

रांगेतून कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

परत येताना ती रडली नाही. कमरीपेठेच्या कोपऱ्यावर थांबून एवढंच म्हणाली, "फसवलं गं मला सरकारनं. एवढी सही शिकले."

यानंतर तरी मी थांबायला हवं होतं ना? मी पत्रक लिहिलं. मथळा होता — कमळाक्काचं मत कुणी खाल्लं? तिचा फोटो, पोच हातात धरलेला. टीचरचं नाव घातलं नाही, पण भाग घातला, शाळा घातली. आमच्या भागात नाव वेगळं घालायची गरज काय? अप्पांनी मजकूर वाचला आणि नेहमीसारखं विचारलं, "पुरावा?" मी कमळाक्काकडून मागून आणलेली पोच पुढं ठेवली. त्यांनी चष्मा वर करून ती बघितली, माझ्याकडं बघितलं, आणि छापायला घेतलं. सही कुणाची ते त्यांनी विचारलं नाही. मुलीला काय विचारायचं?

ते माझं सगळ्यात गाजलेलं पत्रक. त्यानंतर मला धारवाडला भाषणाला बोलावलं, बेळगावला बोलावलं. लोक म्हणतात, तुमच्या लिहिण्यात आग आहे. टीचरना खुलासा द्यावा लागला. त्यांनी काय लिहिलं मला माहीत नाही. माझं नाव लिहिलं नसावं, कारण मला विचारायला कुणी आलं नाही. त्या अजून त्याच शाळेत आहेत. रस्त्यात दिसल्या की त्या बाजू बदलत नाहीत, मी बदलते.

पुढच्या निवडणुकीच्या आधी मी नवा फॉर्म घेऊन कमळाक्काकडं गेले. तिनं चहा टाकला, आणि फॉर्म न बघताच माझ्याकडं परत सरकवला. "नको पोरी. मला घेत नाहीत ते. तू तरी माझ्यासाठी किती पळशील?" मी चहा प्याले. तिच्याच कपातून, तिच्याच चटईवर बसून. आणि उठून आले.

त्यानंतरही निवडणूक झाली. कामावर सुट्टी होती म्हणून कमळाक्का घरी झोपली होती.

ते पत्रक अप्पांनी जपून ठेवलं आहे. त्यांच्या मोजक्या पत्रकांत ते सगळ्यात वर असतं. आणि फॉर्म माझ्या फाइलमध्ये आहे. फाडला नाही. फोटोच्या कडा उचकटल्यात. सहीच्या चौकटीत कमळा असं लिहिलेलं आहे, ळ चौकटीबाहेर आलाय. तळाची पट्टी नाही, ती कमळाक्काच्या पिशवीत आहे.

तिनं शाळेत विचारलं होतं, मग कुणाची? तेव्हा मी बोलले नाही. ती सही माझी होती.